जुन्या दाढेच्या मुळाशी असलेला संसर्ग आणि शरीरभरचा दाह : संबंध किती खरा, किती अनुमानाचा?

शोधयात्री

नमस्कार. हा धागा काढण्याचे निमित्त वैयक्तिक असले, तरी प्रश्न अनेकांना पडण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वय ४६ आहे. तीन महिन्यांपूर्वी केलेल्या नेहमीच्या तपासणीत माझे एचएस-सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील एक प्रथिन) लिटरला ६.८ मिलिग्रॅम आले. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा ते ६.१ होते. ताप, खोकला, सांधेदुखी यांपैकी काहीही नव्हते आणि बाकीच्या चाचण्यांतून कारण हाती लागले नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "दात दाखवले आहेत का?" मी ते दाखवले नव्हते, कारण दुखतच काही नव्हते. दंतवैद्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा डावीकडच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या मुळाच्या टोकाशी साधारण पाच मिलिमीटरची काळी छटा दिसली. या दाढेचे रूट कॅनाल नऊ वर्षांपूर्वी झाले आहे आणि त्यानंतर तिने मला एकदाही त्रास दिलेला नाही.

आता मला दोन टोकांचे सल्ले मिळत आहेत. घरातले एक वडीलधारे म्हणतात की रूट कॅनाल केलेला दात म्हणजे तोंडात बाळगलेले विष असून असे सगळेच दात काढून टाकावेत. (माझे असे तीन दात आहेत.) एका मित्राच्या मते मात्र दुखत नसलेल्या दाताला हात लावू नये आणि सीआरपीचा दाताशी काही संबंध नसतो. दोघांचाही हेतू चांगला आहे, परंतु दोघेही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. मुळाशी असलेल्या संसर्गामुळे शरीरात इतरत्र दाह वाढतो हे कितपत सिद्ध झाले आहे? आणि झाले असेल, तर माझ्यासारख्याने त्यावरून नेमका कोणता निर्णय घ्यावा?

दंतमूळ

मी रूट कॅनाल उपचारांतच काम करते, त्यामुळे ती काळी छटा म्हणजे काय, हे आधी सांगते. पुढचे बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

दाताच्या आत दंतमज्जा असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. कीड खोल गेली, दाताला तडा गेला किंवा जोराचा मार बसला की ही मज्जा मरू शकते. मज्जा मेली की त्या पोकळीतला रक्तपुरवठा बंद होतो आणि रक्तातून येणाऱ्या संरक्षक पेशींनाही आत जाण्याची वाट उरत नाही. जिवाणूंना, विशेषतः प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंना, याहून सुरक्षित जागा शरीरात क्वचितच मिळते. शरीर आत जाऊ शकत नाही, म्हणून ते दाराशी पहारा बसवते. मुळाच्या टोकाशी संरक्षक पेशींचा थर जमतो, त्या पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक रसायनांमुळे हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि हाड मागे सरते. हाडाने रिकामी केलेली तीच जागा एक्स-रेवर काळी दिसते. म्हणजे ती छटा बहुतांशी जिवाणूंचे वारूळ नसून त्यांना अडवण्यासाठी शरीराने उभारलेल्या तटबंदीची जागा असते आणि जिवाणू मुख्यतः दाताच्या आतच असतात.

हे सगळे जिवाणूंमुळेच घडते, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी फार सुंदर प्रयोगाने दाखवले. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून दंतमज्जा उघडी केली. साध्या उंदरांत मज्जा सडली आणि मुळाशी गळवे झाली. जन्मापासून जिवाणूमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र तशाच उघड्या मज्जेवर नवे दंतिन (दाताचा आतला कठीण थर) तयार होऊन ती भरून आली. जखम तीच होती, अन्नाचे कण दोन्हीकडे अडकत होते आणि फरक केवळ जिवाणूंचा होता.

आता तुमच्या दाढेविषयी. रूट कॅनाल झालेल्या दाढेत पुन्हा संसर्ग दिसण्याची नेहमीची कारणे दोन असतात. एक म्हणजे आतली एखादी नलिका तेव्हा सापडलीच नव्हती (खालच्या पहिल्या दाढेच्या मागच्या मुळात दुसरी नलिका असणे मुळीच दुर्मीळ नाही). दुसरे म्हणजे वरचे भरण किंवा टोपी कालांतराने सैल होऊन लाळेतले जिवाणू पुन्हा आत उतरले. दोन्हींत वर्षानुवर्षे वेदना नसू शकते. आत दाब साठत नाही आणि मेलेल्या मज्जेला जाणीव उरलेली नसते, त्यामुळे दुखत नाही म्हणजे संसर्ग नाही, हे तुमच्या मित्राचे गृहीतक चुकीचे आहे.

एक्स-रेविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेंडर आणि सेल्टझर यांनी १९६१ मध्ये दाखवले की झीज हाडाच्या आतल्या जाळीदार भागापुरती असेल, तर ती साध्या एक्स-रेवर दिसतच नाही आणि बाहेरच्या घट्ट थरापर्यंत पोहोचल्यावरच दिसू लागते. म्हणजे आज दिसलेली छटा आजची नव्हे.

पांथस्थ

शोधयात्री यांच्या घरातील वडीलधाऱ्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. माझा रूट कॅनाल झालेला एक दात सहा वर्षे तोंडात होता. त्या काळात मला सतत थकवा असे, अंग कसकसल्यासारखे वाटे आणि कारण सापडत नव्हते. अखेर मी तो दात काढून घेतला आणि दोन महिन्यांत मी वेगळाच माणूस झालो. शरीरातला दुसरा कोणताही अवयव मेला तर वैद्यकशास्त्र तो काढून टाकते. मग मेलेला दात भरून, वर टोपी घालून जागच्या जागी ठेवण्याचा आग्रह का? शंभर वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी याबाबत सावध केले होते आणि त्यांचे म्हणणे पुढे दडपले गेले, असे माझ्या वाचनात आहे. दाताने मला जे भोगायला लावले, त्यानंतर मी ते सहज बाजूला ठेवू शकत नाही.

जुनी पाने

पांथस्थ, तुमच्या अनुभवावर दंतमूळ बोलतीलच. शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासाविषयी मात्र मला लिहायलाच हवे, कारण तो दडपला गेलेला नाही. तो तपासला गेला आणि त्या तपासणीची किंमत फार माणसांनी मोजली.

तोंड हे साऱ्या शरीरातील रोगांचे केंद्र असू शकते, ही कल्पना विलोबी मिलर यांनी १८९१ मध्ये मांडली. १९१० साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात केलेल्या भाषणात, सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल चढवणाऱ्या दंतवैद्यकावर कठोर टीका केली. ती टीका अगदीच अनाठायी नव्हती, हेही नोंदवायला हवे. त्या काळी नलिका निर्जंतुक करण्याची शिस्त आजच्यासारखी नव्हती, एक्स-रे नुकता कुठे वापरात येत होता आणि टोपीखाली पू तसाच राहत असे. पुढे शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज आणि त्यांचे सहकारी एडवर्ड रोझनाऊ यांनी या कल्पनेला केंद्रीय संसर्गाच्या सिद्धांताचे रूप दिले, आणि १९२० च्या दशकात वेस्टन प्राइस यांनी आजारी माणसांचे काढलेले दात सशांच्या त्वचेखाली बसवून सशांनाही तेच आजार होतात, असा दावा केला.

या सिद्धांताच्या भराची दोन दशके दात उपटण्याची होती. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, दृष्टिदोष, मनोविकार, काहीही असो, दात काढले जात आणि त्यासोबत गळ्यातील टॉन्सिलही काढले जात. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी मनोविकाराचे मूळ संसर्गात आहे या समजुतीने रुग्णांचे दात काढले, आणि तेवढ्याने गुण आला नाही तेव्हा मोठ्या आतड्याचे भागही काढले. अनेक रुग्ण त्यात दगावले. मला हा भाग वाचताना दरवेळी थांबावे लागते, कारण त्या रुग्णांना नकार देण्याची सोयच नव्हती.

या सिद्धांताला उतरती कळा लागली ती रुग्ण मोजायला सुरुवात झाल्यावर. १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि दात किंवा टॉन्सिल काढल्याने सातत्याने फायदा होत असल्याचे त्यात आढळले नाही. विशेष हे की सेसिल स्वतः आधी या सिद्धांताचे समर्थक होते. १९४० मध्ये रायमन आणि हॅव्हन्स यांनी केलेल्या चिकित्सेत तर हा सिद्धांत सिद्धच झालेला नाही, असे स्पष्ट म्हटले. पुन्हा तपासणी करणाऱ्यांना प्राइस यांच्यासारखे निष्कर्ष मिळाले नाहीत. काढताना हिरडीतील जिवाणूंनी माखलेला दात सशाच्या त्वचेखाली ठेवला, तर ससा आजारी पडण्याला मुळातील संसर्गच कारण आहे, हे त्यातून ठरत नाही.

स्टेथो

मी फिजिशियन आहे. जुनी पाने यांनी लिहिलेल्या इतिहासाचा एक उलटा परिणामही झाला आणि तो सांगायला हवा. केंद्रीय संसर्गाचा सिद्धांत कोसळल्यावर पुढच्या काही पिढ्यांच्या डॉक्टरांनी तोंडाकडे पाहणेच सोडून दिले. आमच्या शिक्षणात दातांचा उल्लेख जेमतेम होता. आज हा विषय पुन्हा आला आहे, परंतु तो वेगळ्या, मोजता येणाऱ्या रूपात आला आहे.

मुळाशी असलेला संसर्ग शरीरावर परिणाम करू शकेल असे मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे जिवाणू स्वतः रक्तात उतरणे. रूट कॅनाल करताना काही रुग्णांच्या रक्तात जिवाणू सापडतात आणि ते त्याच दाताच्या नलिकेतले असतात, हे डेबेलियन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले. निरोगी माणसाचे शरीर असे जिवाणू सहसा काही मिनिटांत साफ करते. दुसरा मार्ग जिवाणूंच्या भित्तिकेतील विषारी द्रव्यांचा. तिसरा, आणि या धाग्यासाठी सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे संरक्षक पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक द्रव्यांचा. त्यांपैकी इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सीआरपी बनवू लागते. सीआरपी म्हणजे आग कुठे लागली आहे हे न सांगता फक्त वाजणारी घंटा. रक्तातील त्याचे अर्धे प्रमाण साधारण १९ तासांत नाहीसे होते, त्यामुळे ते आठवडेच्या आठवडे चढेच राहिले, तर ते रोज नव्याने बनत आहे असे समजावे.

शोधयात्री, तुमचे दोन्ही आकडे ३ च्या वर आहेत. हृदयविकाराचा धोका ठरवताना १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त धोका, अशी ढोबळ विभागणी केली जाते, आणि आकडा १० च्या वर गेला तर तात्कालिक आजार गृहीत धरून चाचणी पुन्हा करतात. परंतु तुमच्या ६.८ चा सारा भार एका दाढेवर टाकण्याची घाई मी करणार नाही. पोटाभोवतीची चरबी, धूम्रपान, अपुरी झोप, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित म्हणजे हिरड्यांचा आजार, ही सारी कारणे सीआरपी वाढवतात. येथे आकारमानाचा विचार करावा. हिरड्यांचा आजार असलेल्या माणसाच्या तोंडात हिरड्यांच्या खोलगट कप्प्यांतील दाहग्रस्त पृष्ठभाग ८ ते २० चौरस सेंटिमीटर असू शकतो, असा अंदाज आहे. त्यापुढे पाच मिलिमीटरची छटा फार लहान असते. तुमच्या हिरड्यांची खोली मोजली आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

विदा

मी संख्याशास्त्राचा माणूस आहे. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगवेगळे करून मांडतो.

सर्वांत भक्कम भाग रक्तातील खुणांचा आहे. २०१३ मध्ये गोम्स आणि सहकाऱ्यांनी आणि २०१९ मध्ये जॉर्जियू आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. मुळाशी संसर्ग असलेल्यांत सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ यांसारख्या खुणा, संसर्ग नसलेल्यांच्या तुलनेत सरासरीने वाढलेल्या आढळल्या. हा संबंध आता नाकारता येत नाही. मात्र त्यांतले बरेच अभ्यास लहान आहेत आणि पुष्कळसे एकाच वेळी केलेल्या मोजणीचे आहेत. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हे त्यांतून कळत नाही.

हृदयविकाराकडे वळले की जमीन अधिक भुसभुशीत होते. कॅपलान आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून दाखवले की चाळिशीपर्यंतच्या पुरुषांत मुळाशी असलेला संसर्ग आणि पुढे होणारा हृदयविकार यांत संबंध दिसतो. त्याहून मोठ्या वयाच्या पुरुषांत मात्र तो दिसला नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधील पेस्सी आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०१ रुग्णांच्या धमनीतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तेव्हा ७८ टक्के नमुन्यांत तोंडात राहणाऱ्या विशिष्ट स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा डीएनए सापडला. वाचताना अंगावर काटा येतो, हे मान्य. पण गुठळीत जिवाणूंचा अंश असणे आणि जिवाणूंनी गुठळी घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे जिवाणू मुळाशी संसर्ग नसलेल्या माणसाच्याही तोंडात असतातच.

आता माझ्या मनातली मुख्य शंका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे ५२ टक्के प्रौढांच्या तोंडात मुळाशी दाह असलेला किमान एक दात असतो. इतक्या सार्वत्रिक गोष्टीचा हृदयावर थेट आणि मोठा परिणाम होत असता, तर तो एवढा पुसट दिसला नसता. परिणाम असेल, तर तो लहान असेल किंवा काही विशिष्ट माणसांतच ठळक असेल. शिवाय ज्याचे दात दुर्लक्षित राहतात त्याचा रक्तदाबही बहुधा दुर्लक्षित राहतो, तो धूम्रपान करत असण्याची शक्यता अधिक असते आणि तो डॉक्टरांकडे उशिरा जातो. हे सगळे घटक गणितातून पूर्णपणे वजा करता येत नाहीत. खात्रीचा एकच मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांवर उपचार करणे आणि निम्म्यांना वर्षानुवर्षे संसर्गासह ठेवणे. तसे करणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही, आणि तसे कोणी करूही नये.

पांथस्थ

सर्वांनी आदराने उत्तर दिले याबद्दल आभार. कॉटन यांच्याविषयी मला माहीत नव्हते आणि ते वाचून मी अस्वस्थ झालो. तरीही माझा प्रश्न उरतोच. दात काढल्यावर मला बरे वाटले, ते खोटे होते का?

दंतमूळ

खोटे मुळीच नव्हते, पांथस्थ. तुमच्या त्या दाताचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, पण त्याच्या मुळाशी संसर्ग होता असे समजू या. दात काढल्यावर जिवाणूंचे घरच गेले आणि शरीराला तेथे पहारा ठेवण्याची गरज उरली नाही. तुम्हाला वाटलेला आराम त्यातून आला असणे शक्य आहे. मात्र त्यावरून संसर्ग असलेला दात त्रासदायक ठरू शकतो, एवढेच निघते. रूट कॅनाल झालेला प्रत्येक दात संसर्गग्रस्त असतो, हे त्यातून निघत नाही. या दोन विधानांमधले अंतर विसरले गेले, तेव्हाच दात उपटण्याची ती दोन दशके घडली.

मेलेल्या अवयवाच्या तुलनेविषयीही लिहिते. रूट कॅनालनंतर आतली मज्जा नसते, पण दात बाहेरून जिवंत असतो. मुळाभोवतीचा तंतुमय पडदा, त्यातील रक्तवाहिन्या आणि दाबाची जाणीव देणारे मज्जातंतू शाबूत राहतात, म्हणूनच चावताना तो दात जाणवतो. आत जिवाणू नसतील, तर बाहेर दाहही राहत नाही. मुळाशी हाड पुन्हा भरून येते आणि एक्स-रेवर ते पाहता येते. हे मी माझ्या कामात वारंवार पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचा आनंद होतो.

सावली

माझ्या हृदयाची एक झडप कृत्रिम आहे. दातांच्या कोणत्याही कामाआधी मला अँटिबायोटिक घ्यायला सांगतात. वरील चर्चा वाचून प्रश्न पडला की मुळाशी संसर्ग असेल, तर धोका कामाच्या दिवशीच असतो की रोजच असतो?

स्टेथो

सावली, तुमचा प्रश्न या धाग्यातील सर्वांत गंभीर आहे, कारण तोंडातील जिवाणू आणि हृदय यांचा थेट, वादातीत संबंध येथेच आहे. कृत्रिम झडप असलेल्या माणसाच्या रक्तात जिवाणू उतरले, तर ते झडपेवर ठाण मांडू शकतात आणि तो संसर्ग जीवघेणा असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये प्रतिबंधक अँटिबायोटिकची शिफारस सर्वाधिक धोका असलेल्यांपुरतीच मर्यादित केली आणि २०२१ मध्ये तीच भूमिका कायम ठेवली. कृत्रिम झडप असलेले, आधी असा संसर्ग होऊन गेलेले आणि काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष असलेले रुग्ण त्यात येतात. त्या बदलामागचा विचारच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. दात घासताना, चावताना रोज थोडे जिवाणू रक्तात जात असतात आणि वर्षभराच्या हिशेबात हा रोजचा वाटा दंतवैद्याच्या खुर्चीतील एका तासापेक्षा फार मोठा असतो. म्हणून तुमच्यासाठी गोळीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे म्हणजे हिरड्या निरोगी ठेवणे आणि मुळाशी कोणताही संसर्ग शिल्लक न राहू देणे. लपलेला संसर्ग शोधण्यासाठी तुम्ही दुखण्याची वाट पाहू नये. गोळी कोणती आणि किती, हे मात्र तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट सर्वांसाठी. जबड्याखाली दोन्ही बाजूंना घट्ट सूज, जीभ वर उचलली जाणे, गिळायला त्रास, तोंड न उघडणे, श्वास अडणे किंवा डोळ्याभोवती सूज यांपैकी काहीही दिसले, तर धागा वाचत बसू नका, तत्काळ रुग्णालय गाठा. जबड्याखालून गळ्यात उतरणारी ती सूज जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णिली आणि ती आजही श्वासमार्ग बंद करून जीव घेऊ शकते.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. स्टेथो, हिरड्या मोजून घेतल्या. दोन ठिकाणी थोडी खोली आहे, बाकी ठीक आहे. वजन मात्र जास्त आहे, हे मला मान्य करावे लागेल. आता दाढेसाठी माझ्यापुढे तीन पर्याय ठेवले आहेत. रूट कॅनाल पुन्हा करणे, शस्त्रक्रियेने मुळाचे टोक कापून तेथून नलिका बंद करणे, किंवा दाढ काढणे. यांतून निवड कशी करावी? आणि नुसत्या अँटिबायोटिकने हे बरे होणार नाही का?

दंतमूळ

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अँटिबायोटिक रक्तातून जाते आणि तुमच्या दाढेच्या नलिकेत रक्तच जात नाही. त्यामुळे गोळ्यांनी सूज तात्पुरती ओसरली तरी जिवाणूंचे घर जसेच्या तसे राहते. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हाच गोळ्यांची भर घालतात. तुमच्या बाबतीत त्यांची गरज दिसत नाही.

निवडीविषयी. श्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रुग्णांचा ८ ते १० वर्षे पाठपुरावा करून जे आकडे दिले, ते आजही आम्हाला मार्गदर्शक वाटतात. मुळाशी आधीपासून दाह नसताना केलेले रूट कॅनाल ९६ टक्के दातांत यशस्वी ठरले, मज्जा मेलेली आणि मुळाशी दाह असताना ८६ टक्के, आणि आधी रूट कॅनाल झालेल्या व मुळाशी दाह असलेल्या दातांत पुन्हा केलेले काम ६२ टक्के. तुमची दाढ तिसऱ्या गटात येते. सूक्ष्मदर्शकामुळे सुटलेली नलिका शोधणे तेव्हापेक्षा आज सोपे झाले आहे, तरीही पहिल्या खेपेइतके यश मी तुम्हाला कबूल करणार नाही. मुळाला उभा तडा असेल तर दाढ काढणेच योग्य, कारण तो तडा कोणत्याही उपचाराने भरत नाही. तडा नसेल आणि दाढेचा वरचा भाग भक्कम असेल, तर पुन्हा रूट कॅनाल करून पाहावे. त्यापूर्वी त्रिमितीय स्कॅन करून नलिका सुटली आहे का हे पाहून घ्यावे आणि काम करताना दाताभोवती रबराचा पडदा लावतात की नाही हे अवश्य विचारावे. तो लावल्याशिवाय लाळेतले जिवाणू आत जाण्यापासून रोखता येत नाहीत.

तुमच्या उरलेल्या दोन दातांच्या मुळाशी हाड निरोगी असेल, तर ते काढण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

विदा

एक पुरवणी. मधुमेह असलेल्यांत मुळाशी दाह अधिक आढळतो आणि उपचारानंतरही तो हळू भरतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे बाण फक्त दाताकडून शरीराकडे जात नाही, शरीराकडून दाताकडेही येतो. शोधयात्री, साखर तपासली नसेल तर तपासून घ्यावी.

शोधयात्री

आठ महिन्यांनी या धाग्यावर परत येत आहे. स्कॅनमध्ये मागच्या मुळातील एक नलिका पूर्वी अजिबात उघडलेली नव्हती, असे दिसले. तडा नव्हता. दोन बैठकांत रूट कॅनाल पुन्हा झाले आणि वर नवी टोपी बसवली. साखर ठीक निघाली. मागच्या आठवड्यात सीआरपी २.४ आले आहे.

दाढेने केलेला चमत्कार म्हणून हा आकडा मांडावा, असा मोह मला झाला, पण तो प्रामाणिकपणा ठरला नसता. याच काळात माझे वजन सात किलोने उतरले आहे आणि हिरड्यांची सफाईही दोनदा झाली आहे. यांतल्या कोणत्या गोष्टीने किती फरक पडला, हे मला वेगळे करता येत नाही. आता पुढचा एक्स-रे केव्हा काढावा?

दंतमूळ

तुम्ही हे सारे इतक्या नेमकेपणाने लिहिलेत याचे मला फार समाधान वाटले. टोकाशी हाड भरायला वेळ लागतो, म्हणून उपचारानंतर एक वर्ष पूर्ण होईल तेव्हा एक्स-रे काढावा. छटा लहान झालेली पण पूर्ण नाहीशी झालेली नसेल, तर घाबरू नये आणि घाईने पुढचा उपचारही करू नये. चार वर्षांपर्यंत ती भरत राहू शकते. पहिला एक्स-रे जपून ठेवा आणि पुढचा शक्यतो त्याच कोनातून काढायला सांगा. कोन बदलला की छटेचा आकार बदललेला दिसतो आणि दोन चित्रांची तुलना फसवी ठरते.

पांथस्थ

मीही माझ्या दुसऱ्या रूट कॅनाल झालेल्या दाताचा एक्स-रे काढून घेतला. तो काढूनच टाकण्याचे माझ्या मनात होते. त्याच्या मुळाशी हाड पूर्ण भरलेले आहे, असे दंतवैद्यांनी पडद्यावर दाखवले. तो दात मी ठेवला आहे.